धायटीचं फूल : पिंपात आणि परीक्षानळीत

माघ-फाल्गुनात सह्याद्रीचे उतार वाळून पिवळे पडतात, तेव्हा धायटी पेटते. झुडूप पुरुषभर उंच, फांद्या लवलेल्या, पानं बरीचशी गळून गेलेली, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत तांबड्या नळ्यांचे घोसच्या घोस. जुन्नर, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कुठल्याही वाटेवर या दिवसांत ती दिसल्यावाचून राहत नाही. शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यावर लोंबकळत असतात. गुराखी पोरं फूल खुडून त्याच्या बुडातला मध चोखतात. संस्कृत ग्रंथांत ती धातकी आहे, अग्निज्वालाही आहे. चरकसंहितेत पुरीषसंग्रहणीय, म्हणजे पातळ जुलाब आवरून धरणाऱ्या दहा द्रव्यांत तिच्या फुलाची गणना आहे. शिवाय आसव-अरिष्टांच्या, म्हणजे आंबवून केलेल्या औषधांच्या, बहुतेक पाठांत धायटीची फुलं लागतात. ती घातली की पिंपातलं संधान, म्हणजे आंबणं, चांगलं उठतं, असं वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

गेल्या काही दशकांत हेच फूल रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत पोचलं. त्याच्यावर पुष्कळ लिहून आलं, आणि त्यातला एकच शब्द बाहेर पडून बाजारात हिंडू लागला : अँटिऑक्सिडंट. या शब्दाने फुलाचं भलं झालं की नुकसान, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं फुलावर जीव असलेली आहेत. पुढचा संवाद मी रचलेला आहे. काका वैद्य आहेत. जुन्नरच्या बाजूला त्यांचा औषधांचा लहानसा कारखाना आहे. पुतणी पुण्यात वनस्पतींचं रसायनशास्त्र शिकवते.

काका : तुम्ही लोकांनी धायटीवर जे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी वाचलं. शेवट सगळीकडे तोच. फूल जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे. मग मी माझ्या बाटलीवर तसं छापलं तर बिघडलं कुठे? इतकी वर्षं तुम्हीच म्हणत होता, पुरावा दाखवा. आता पुरावा तुमच्याच हातचा आहे.

पुतणी : काका, तो पुरावा कशाचा आहे ते आधी बघा. डीपीपीएच नावाचं एक रसायन असतं. मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं दिसतं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीविना असतो. अशा रेणूला मुक्त कण म्हणतात. त्यात फुलाचा अर्क टाकायचा. अर्कातल्या फिनॉल गटाने आपला हायड्रोजन दिला, की तो एकटा इलेक्ट्रॉन जोडीला लागतो आणि जांभळा रंग उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं, 517 नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजायचं, झाली परीक्षा. 1958 मध्ये ब्लॉइस या शास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. स्वस्त आहे, सोपी आहे, एका दुपारी वीस नमुने होतात.

काका : मग? धायटीने रंग उतरवला की नाही?

पुतणी : क्षणात उतरवला. पण बिनदुधाचा कोरा चहा टाकला तरी उतरतो. लिंबाचा रस टाकला तरी उतरतो. आणि डीपीपीएच माणसाच्या शरीरात कुठेच नसतं. नळीतला रंग एवढंच सांगतो, की या अर्कात हायड्रोजन सहज देणारं काहीतरी भरपूर आहे. त्याने कोणाचा आजार बरा होतो, हे तो सांगत नाही.

काका : म्हणजे फुलात विशेष काही नाही, असंच म्हणायचंय तुला.

पुतणी : नाही हो! फुलात इतकं आहे की ते एका शब्दात कोंबलेलं बघून मला वाईट वाटतं. हे फूल हातात घ्या. ही तांबडी नळी दिसते ना, ती पाकळी नव्हेच. तो फुलाचा बाह्यकोश आहे. खऱ्या पाकळ्या या इथे, नळीच्या तोंडाशी, दोऱ्यासारख्या बारीक. चटकन नजरेलाही येत नाहीत. पुंकेसर बारा, नळीबाहेर डोकावणारे. पाकळ्या गळतात, पण नळी टिकते. पुढे बोंडही तिच्याच आत धरतं. तुम्ही वर्षभर पोत्यात ठेवलेलं फूल आकार टिकवून असतं ते या नळीमुळे. वाळलेल्या फुलात वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा टॅनिन असतं. तांबडा रंग पेलार्गोनिडिन आणि सायनिडिन या रंगद्रव्यांचा, दोन्ही साखरेला बांधलेली. त्याखेरीज क्वेर्सेटिन आणि मिरिसेटिन कुळातले फ्लॅव्होनॉइड, गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल. आणि यात सगळ्यांत देखणे रेणू म्हणजे वुडफोर्डिन. जपानमध्ये ओकायामा विद्यापीठातल्या ओकुदा आणि योशिदा यांच्या गटाने 1990 च्या आसपास ते याच फुलांतून वेगळे केले. धायटीचं शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, त्यावरून ते नाव.

काका : देखणे म्हणजे?

पुतणी : ग्लुकोजचा एक रेणू घ्या. त्याच्या हातांना गॅलिक आम्लाचे तुकडे जोडा. प्रत्येक तुकड्यावर शेजारी शेजारी तीन हायड्रॉक्सिल. असे दोन ग्लुकोज आपापल्या तुकड्यांसकट एकमेकांना दोन ठिकाणी जोडले, की मध्ये मोठं कडं तयार होतं. वुडफोर्डिनचा जवळचा नातलग ईनोथीन-बी याच फुलात सापडतो. त्याचा रेणूभार 1569 आहे. साध्या ग्लुकोजचा 180. एवढ्या अवाढव्य रेणूवर इतके हायड्रॉक्सिल, म्हटल्यावर जांभळा रंग उतरला यात नवल ते काय?

काका : बरं, आता मी सांगतो ते ऐक. तू ज्याला टॅनिन म्हणतेस त्याला आम्ही तुरट म्हणतो. फूल जिभेवर धर. बघ, जीभ कशी आवळली! आमच्या ग्रंथांत हेच लिहिलंय : रस कषाय, वीर्य शीत. अतिसारात द्या, आवेत द्या, अंगावरून जास्त जात असेल तेव्हा द्या. तुझ्या वुडफोर्डिनचं नाव माहीत नसताना हे ठरलं होतं. आता तू म्हणशील, तुरटपणा हासुद्धा पुरावा नव्हे.

पुतणी : तुरटपणा म्हणजे टॅनिनने लाळेतली प्रथिनं धरून बसणं. आतड्यातही ते प्रथिनांना धरतं. जुलाबात त्याचा उपयोग होण्याला कारण दिसतं, एवढं मी मान्य करते. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. डाळिंब धायटीच्याच कुळातलं आहे. लिथ्रेसी म्हणतात त्या कुळाला. मेंदीही त्यातलीच, आपलं राज्यफूल ताम्हणही त्यातलंच. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं टॅनिन असतं, तेही वुडफोर्डिनसारखंच एलॅजिक जातीचं, म्हणजे मोडलं की एलॅजिक आम्ल देणारं.

काका : आणि डाळिंबाची साल आजी पोट बिघडलं की उगाळून द्यायची.

पुतणी : हो. दोन झाडं, कूळ एक, रसायन एका जातीचं, उपयोगही एकच. ग्रंथकारांना कुळं माहीत नव्हती, पण जिभेने त्यांना बरोबर तिथे नेलं. मला हा धागा अँटिऑक्सिडंटपेक्षा शंभर पटींनी मोलाचा वाटतो.

काका : मग तुम्ही लोक त्याच्यामागे का लागत नाही? माझा राग तिथेच आहे. फूल कशासाठी आहे ते आम्ही हजार वर्षांहून जास्त काळ सांगतोय. आवेसाठी आहे, संधानासाठी आहे. त्याची परीक्षा करायची सोडून तुम्ही जांभळ्याचं पिवळं करत बसता. विचारलंय काय आणि उत्तर देताय कशाचं!

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, की काकांचा हा आरोप खरा आहे. डीपीपीएचची परीक्षा जिथे साधा रंगमापक आहे तिथे होते. आवेच्या रोग्यांवर औषधाची नीट चाचणी घ्यायची तर रुग्णालय लागतं, नीतिसमितीची परवानगी लागते, पैसा आणि वर्षं लागतात. पदवीच्या मुदतीत बसेल ते काम होतं आणि बसत नाही ते राहून जातं. त्यामुळे कित्येक औषधी फुलांच्या वाट्याला एकसारखंच प्रगतिपुस्तक आलं : एकूण फिनॉल इतके, फ्लॅव्होनॉइड इतके, मुक्त कणांना मारक. झाडाचं नाव बदललं तरी मजकूर तोच राहतो. धायटीचं धायटीपण त्यात कुठे दिसत नाही.

पुतणी : तुमचा राग मला कबूल आहे, काका. पण मग तुम्ही तोच शब्द बाटलीवर का घेता?

काका : कारण लोक तो शब्द वाचून बाटली घेतात. कषाय रस म्हटलं तर कोणाला कळतं?

पुतणी : लोकांना त्या शब्दाचा अर्थ कळतो तो असा : हे घेतलं की म्हातारपण लांबतं, कॅन्सर टळतो. त्या समजुतीचं काय झालं ते ऐका. 1956 मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं, की शरीरातले मुक्त कण पेशी झिजवतात आणि त्यातून म्हातारपण येतं. मांडणी सुंदर होती. मग लोकांना अँटिऑक्सिडंट गोळ्या देऊन पाहिलं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना बीटा-कॅरोटीन दिलं. 1994 मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. कमी नव्हे, जास्त! अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. 2012 मध्ये ती स्वतःहून काढून टाकली. नळीतल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध लागत नाही आणि कंपन्या ती यादी जाहिरातीला वापरतात, हे त्यांनी सांगितलेलं कारण.

काका : बीटा-कॅरोटीन ही गोळी होती. एकच द्रव्य, सुटं काढलेलं. मी सबंध फूल वापरतो.

पुतणी : मान्य. पण तुमच्या सबंध फुलातलं एलॅजिक आम्ल रक्तात फारच थोडं शोषलं जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जीवाणू त्याचं युरोलिथिन करतात, आणि ते रक्तात जातं. आता गंमत अशी, की सगळ्यांच्या आतड्यात ते सारखं होत नाही. काहींत एक प्रकारचं युरोलिथिन होतं, काहींत दुसऱ्या, काहींत जवळजवळ होतच नाही. म्हणजे तुमची तीच बाटली दोघांनी घेतली तर दोघांच्या रक्तात वेगळी रसायनं. नळीने यातलं काय सांगितलं?

काका : हे मात्र तू आमचंच बोललीस. कोष्ठ, म्हणजे ज्याच्या त्याच्या पोटाची तऱ्हा, बघून औषध द्या, असं आम्ही दुसरं काय म्हणतो?

पुतणी : तुम्ही नाडी बघून म्हणता, मी रक्त तपासून म्हणेन. दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही.

काका : नको म्हणूस. चल, पिंप दाखवतो.

पिंप सागवानी आहे. काढा निवून कोमट झाला की त्यात गूळ विरघळवतात, मध घालतात, वरून धायटीची सबंध फुलं आणि प्रक्षेप, म्हणजे वरून टाकायच्या औषधांची चूर्णं. ज्या पाठात माप दिलेलं नाही, त्यासाठी शार्ङ्गधराने सर्वसाधारण प्रमाण सांगून ठेवलंय : जुन्या मापांत द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा, प्रक्षेप गुळाच्या दशमांश. झाकण बसवून सांध कापडमातीने लिंपतात. दोन-तीन दिवसांत आतून बुडबुड सुरू होते. पिंपाला कान लावला की स्वच्छ ऐकू येते. या दिवसांत झाकण किलकिलं करून पेटती काडी तोंडाशी धरली तर ती विझते, कारण वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो. पुढे आवाज थांबतो, फुलं तळाशी बसतात, काडी जळत राहते. मग संधान झालं असं समजून गाळतात. हंगामाप्रमाणे पंधरा दिवस ते महिना-दीड महिना लागतो. तयार आसवात साधारण पाच ते दहा टक्के मद्यार्क आपोआप झालेला असतो.

काका : आता सांग, यात धायटी कशाला?

पुतणी : यावर एक काम मला फार आवडतं. 1993 मध्ये डच आणि श्रीलंकन संशोधकांनी निंबारिष्ट, म्हणजे कडुनिंबाचं अरिष्ट, दोन तऱ्हांनी केलं, धायटीची फुलं घालून आणि न घालता. फुलं घातलेल्यात मद्यार्क बराच जास्त निघाला. फुलांमध्ये साखरेचे दोन तुकडे करण्याची क्षमता आढळली, म्हणजे किण्वाला, यीस्टला, सोपं खाद्य मिळतं. आणि प्रयोगशाळेतल्या प्रतिकारशक्तीच्या परीक्षेत फुलं घातलेलं अरिष्ट बरंच प्रभावी ठरलं. तो प्रभाव सूक्ष्मजीवांमुळे आला नव्हता. फुलातून उतरलेल्या द्रव्यांमुळे आला असावा, असं त्यांनी म्हटलं.

काका : म्हणजे धायटी नुसती विरजण नव्हे. ती स्वतः औषध आहे.

पुतणी : निदान त्या प्रयोगापुरतं, हो. बघा, तिथे प्रश्न तुमच्या पिंपातून उचलला होता म्हणून उत्तरही कामाचं आलं. आता पुढचा प्रश्न माझा. महिनाभर आम्लात आणि मद्यार्कात राहिल्यावर वुडफोर्डिन शाबूत राहतात की मोडतात? मोडले तर एलॅजिक आम्ल होतं, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तळाच्या गाळात बसत असेल तर तुम्ही ते टाकून देताय. एकूण फिनॉल मोजायची आमची नेहमीची पद्धतही इथे फसवी, कारण त्या पद्धतीत वापरतात त्या द्रावणाचा रंग गुळातल्या साखरेनेही निळा होऊ शकतो. इथे क्रोमॅटोग्राफीने एकेक रेणू वेगळा करून बघावा लागेल. मला तुमचा गाळ हवाय, काका. पहिल्या दिवशीचा नमुना, दहाव्या दिवशीचा आणि गाळतानाचा.

काका : ने की. कोण नाही म्हणतंय! पण एक सांगतो. तुझ्या यंत्रात गाळातलं एलॅजिक आम्ल दिसलं म्हणून मी गाळ बाटलीत भरणार नाही. ग्रंथाने गाळायला सांगितलंय.

पुतणी : भरू नका. फक्त बाटलीत नसलेलं बाटलीवर लिहू नका.

काकांना याचं उत्तर लगेच सुचलं नाही. पुतणीने पोत्यात हात घालून मूठभर फुलं ताडपत्रीवर पसरली. त्यात पानं होती, काड्या होत्या. एका पानाची खालची बाजू तिने वर केली. धायटीच्या पानाला असतात तसे काळे ठिपके तिथे होते. फुलं दोन रंगांची होती, काही अजून तांबूस, काही तपकिरी पडलेली.

पुतणी : हे फूल यंदाचं, हे गेल्या वर्षीचं. व्यापाऱ्याने एकत्र केलंय. यातलं टॅनिन सारखं असेल? तुमच्या पाठात धायटीचं वजन ठरलेलं आहे, पण त्या वजनात पान किती आणि काडी किती? मोजमापाला तुम्ही हसता, काका, पण मोजमाप तुमच्याच ग्रंथाच्या बाजूने उभं राहतं.

काका : हसत नाही गं. पूर्वी ठाकर बायका आणून द्यायच्या, फूल नि फूल वेचलेलं. आता माल मोठ्या बाजारातून येतो. झुडपं फांद्यांसकट ओरबाडतात. फूलच खुडून नेलं तर बी कुठून धरणार? आणि शिंजिराने काय प्यायचं?

पुतणी : म्हणून म्हणते, गावाशी थेट बोला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क आहे. केंद्र सरकार ज्या वनोपजांना किमान आधारभूत किंमत देतं, त्या यादीत धवईफूल या नावाने धायटीही आहे. गावाला भाव द्या आणि अट घाला : प्रत्येक झुडपाचे काही घोस राखायचे, फूल सावलीत वाळवायचं, पोत्यावर महिना लिहायचा.

काका : हे करता येईल. पण एका गोष्टीवर तुझं-माझं जमणार नाही. तुला वाटतं, रोग्यांवर चाचणी झाली की मगच औषध म्हणावं. माझ्या वडिलांनी आवेचे किती रोगी बरे केले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुतणी : आव पुष्कळदा आपोआपही थांबते, काका. न देता किती बरे झाले असते हे तुम्ही पाहिलेलं नाही. आवेवरचं कुटजारिष्ट घेणारा रोगी त्याच वेळी डॉक्टरांचं मेट्रोनिडॅझोलही घेत असतो, आणि त्या गोळीबरोबर मद्यार्क टाळा असं सांगतात. तुमच्या बाटलीवर मद्यार्काचा आकडा ठळक नसेल तर त्याला कळणार कसं? लहान मुलाला जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी. अरिष्टाचा प्रश्न तिथे येतच नाही.

काका : लहान मुलांना मी अरिष्ट देतच नाही.

पुतणी : तुम्ही देत नाही. पण दुकानातून कोणीही नेतं.

हा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो इतक्यात मिटूही नये. काकांचा अनुभव चाचणीची जागा घेऊ शकत नाही, हे मला पुतणीइतकंच स्पष्ट दिसतं. पण कशाची चाचणी घ्यायची हे मात्र काकांच्या पिंपानेच सांगायला हवं. धायटीच्या फुलातली रसायनं आज बरीच ठाऊक आहेत; ती आसवात किती उतरतात, आतड्यात त्यांचं काय होतं आणि आवेच्या रोग्याला त्याने किती फरक पडतो, ही कामं तरुण संशोधकांनी हाती घ्यावीत. जांभळ्याचं पिवळं करून झालं आहे. औषध बनवणाऱ्यांनी बाटलीवरचा ‘अँटिऑक्सिडंट’ काढून त्या जागी तीन गोष्टी छापाव्यात : फूल कुठल्या भागातलं, कोणत्या हंगामातलं, आणि मद्यार्क किती टक्के. आणि आसव-अरिष्ट घेणाऱ्या वाचकाने ते आपल्या डॉक्टरांना सांगावं. गरोदरपणात, यकृताचा आजार असताना किंवा मेट्रोनिडॅझोल चालू असताना तर विचारल्याशिवाय घेऊच नये. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि अरिष्ट एकाच वेळी घेऊ नयेत, कारण टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही.